नकाराची मुभा

धर्मगुरू व्हावे की न व्हावे या विचाराने अस्वस्थ झालेल्या अविवाहित कॅथलिक पुरुषांसाठी आठवड्याच्या अखेरीस दोन दिवसांची एकांतसाधना योजण्याची जी पद्धत अमेरिकेतील व युरोपातील अनेक धर्मप्रांतांत रूढ झाली आहे, आणि जिच्या धर्तीची पाचारण-शिबिरे आपल्याकडेही भरतात, तिच्याकडे तटस्थ माणूस बहुधा नोकरभरतीचा एक प्रकार म्हणून पाहतो. पाश्चात्त्य देशांत धर्मगुरूंचा तुटवडा वाढत असताना असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तथापि या पद्धतीच्या मुळाशी असलेला विचार तपासला, तर होकार आणि नकार हे दोन्ही त्या पुरुषाच्या सर्वस्वी स्वाधीन करणे हेच तिचे खरे प्रयोजन ठरते, आणि ते विसरले गेले तर तिची सारी सार्थकता संपते, असे माझे निश्चित मत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी एखाद्या सेमिनरीत किंवा साधनागृहात जमतात व रविवारी दुपारी घरोघर परततात. नुकतीच शाळा संपवलेला मुलगा आणि नोकरीत स्थिरावलेला गृहस्थ तेथे एका पंगतीला बसतात. सकाळ-संध्याकाळची स्तोत्रप्रार्थना, मिस्सा, परमप्रसादासमोरची मूक आराधना, इच्छा असल्यास पापनिवेदन, एखाद्या धर्मगुरूने सांगितलेली स्वतःच्या पाचारणाची हकिकत आणि पाचारण-संचालकाशी एकांतात बोलण्याची सवड, असा साधारण क्रम असतो. प्रवेशाची दरखास्त ही पुढची व निराळी बाब होय. वेदीवर उभ्या असलेल्या धर्मगुरूचे जे तेजस्वी चित्र मनात घेऊन तरुण येतो, त्याच्या जागी घंटेबरहुकूम उठणारा, अभ्यासाने थकणारा, आपली खोली आपण झाडणारा सेमिनरीतील विद्यार्थी त्याला दिसतो, आणि हे दर्शन कोणत्याही प्रवचनाहून अधिक उपकारक असते.

या साधनेची वंशावळ संत इग्नाती लोयोला यांच्यापर्यंत पोचते. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झालेला हा बास्क सरदार ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचीत अंथरुणावर पडला असताना त्याच्या ध्यानात आले की, शौर्याच्या आणि दरबारी प्रणयाच्या कल्पना क्षणभर सुखवून मागे शुष्कता ठेवतात, उलट संतांच्या मार्गाने जाण्याच्या विचाराची प्रसन्नता तो विचार सरल्यावरही टिकते. या निरीक्षणातून सिद्ध झालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथास पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली. संपूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असते. तीत मार्गदर्शकाला घातलेले निर्बंध मला विशेष मोलाचे वाटतात: त्याने साधकाला संन्यस्त जीवनाकडे किंवा त्याच्या विरुद्ध दिशेला झुकवू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी राहून निर्माता आणि जीव यांचा संवाद होऊ द्यावा, आणि साधक उत्साहाच्या भरात घाईने व्रत घेऊ लागला तर त्याला आवरावे. ज्याला होकार मिळवणे सर्वांत सुलभ, त्याचेच हात संतांनी असे बांधून ठेवले आहेत.

धर्मसभेच्या कायद्याचा रोखही हाच आहे. प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी स्थापावी असे ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये ठरवले, तेव्हापासून दीर्घ शिक्षण हा पाचारणाच्या कसोटीचा भाग झाला. 1983 च्या धर्मसंहितेनुसार कोणालाही दीक्षा घेण्यास कोणत्याही कारणाने भाग पाडणे निषिद्ध आहे, आणि पात्र माणसाला तीपासून परावृत्त करणेही तितकेच निषिद्ध आहे. विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की त्याला सेमिनरीतून काढावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत विचारण्याची मुभा वरिष्ठांना नाही, कारण तशी मुभा असती तर कोणीही आपले मन निर्धास्तपणे उघडले नसते. पूर्वतयारी, तत्त्वज्ञान, ईशज्ञान व प्रत्यक्ष सेवा हे टप्पे ओलांडून, पंचविशी पूर्ण झाल्यावरच सामान्यतः गुरुदीक्षा मिळते. तेव्हा त्या दोन दिवसांत आयुष्याचा निवाडा होत नाही. पुढे विचारीत राहावे की नाही, एवढेच ठरते.

आपल्या परंपरेलाही हा प्रश्न परका नाही. पत्नीची खरी संमती नसताना विठ्ठलपंतांनी काशीत संन्यास घेतला, वस्तुस्थिती कळताच गुरूंनी त्यांना आळंदीस परत धाडले आणि त्या परतण्याची शिक्षा समाजाने त्यांना व त्यांच्या निरपराध लेकरांना दिली, ही कथा मराठी मनात खोल रुजली आहे. त्यागापूर्वी चौकशी हवी हा तिचा एक बोध. परतणाऱ्याला सन्मानाने घरात घ्यावे हा दुसरा, आणि अधिक दुर्लक्षिलेला. आणि इच्छिलेली वाट बंद झाली म्हणून पाचारण संपत नाही, याची साक्षही आपल्याच भूमीत सापडते: वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानात येशूसंघीयांबरोबर काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा फळास आली नाही. त्यांनी व्यापार केला, पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघाचे व्रतबंधू झाले आणि 1597 मध्ये नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले. 1862 मध्ये संत म्हणून गौरवलेले हे वसईकर धर्मगुरू कधीच नव्हते.

वेद्या ओस पडत असताना इतका सोवळेपणा परवडेल काय, असा आक्षेप घेतला जाईल. भिडेखातर दिलेला होकार आयुष्यभर ओढणारा धर्मगुरू स्वतः कुढतो आणि त्याच्या हवाली केलेल्या धर्मग्रामालाही उपाशी ठेवतो. म्हणून रिकामी जागा पत्करावी, परंतु अशी भरलेली जागा नको. वसईत किंवा गोव्यात घरातला एक मुलगा फादर होणे ही कुटुंबाची प्रतिष्ठा मानली जाते, आणि आईवडिलांच्या या निर्मळ आनंदाचेच मुलाच्या मनावर नकळत दडपण होते. अशा घरांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, मुलगा साधनेस निघेल तेव्हा त्याला आशीर्वाद द्यावा, आणि हा मार्ग आपला नाही असे सांगत तो परतला, तर त्याच आशीर्वादाने त्याला घरात घ्यावे.