भाकरीनंतर काय?

पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रा भरते. आंधळ्या-पांगळ्यांच्या, महारोग्यांच्या पुढ्यात पैसा टाकायचा आणि पुण्य पदरात पाडून घरी जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. घेणारा कोण, याची चौकशी देणाऱ्याला कधी करावीच लागली नाही.

१८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी या काठावर घाट बांधला आणि याच माणसांसाठी अन्नदान मांडलं. पंगतीत बसलेल्याला हात पसरावा लागत नाही. पत्रावळ त्याच्यासमोर येते. मला हा फरक फार मोठा वाटतो. बाबा स्वतः गावात शिरले की आधी खराटा घेत, झाडून झाल्यावरच भाकरी मागत. कष्टाची भाकरी हा त्यांचा नेम. पण ज्याची बोटंच झडली आहेत, त्याच्यावर त्यांनी तो लादला नाही. मूर्तिजापूरची धर्मशाळा, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा ही त्याच वाटेवरची पुढची पावलं. त्यांची दशसूत्री अन्न-पाण्यावर थांबत नाही. ती औषधोपचाराकडे, रोजगाराकडे, गरिबाघरच्या लग्नाकडे जाते.

त्यातला रोजगार अमरावतीच्या तपोवनात उभा राहिला. १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून कोंडता येत होतं. तो कायदा लागू असतानाच, १९४६ मध्ये, डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभारलं आणि रुग्णांच्या हाती शेती, सुतारकाम, विणकाम दिलं. महारोग्याने घडवलेली वस्तू घरात घ्यायची, तर घेणाऱ्यालाच आधी मनातली भीती काढून टाकावी लागते. दाजीसाहेबांनी उपचार रुग्णावर केले, तसे अमरावतीकरांवरही केले, असं मी म्हणेन. तरीही बरा झालेला माणूस घरी परतला, तर दार उघडेलच याची खात्री नव्हती. मजुरी मिळाली म्हणून नातं मिळत नाही.

नात्याचा प्रश्न हाती घेतला तो गाडगेबाबांना मानणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी. परतवाड्याजवळ वझ्झरला त्यांनी मतिमंद, मूकबधिर, अंध अशी टाकून दिलेली मुलं सांभाळली. आधार कार्डावर या मुलांच्या वडिलांच्या जागी शंकरबाबांचं नाव आहे. त्यांनी कित्येकांची लग्नं लावून दिली. इथल्या एका अंध मुलीने लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

पण बाल न्याय कायद्याच्या लेखी मूल अठराव्या वर्षी मूल राहत नाही. मतिमंद, बेवारस मुलीने त्या वाढदिवसानंतर जायचं कुठे? अशा दिव्यांगांना आयुष्यभर आहे त्याच घरी राहता यावं, असा कायदा करा, ही शंकरबाबांची मागणी कितीतरी वर्षांची आहे. अकोला-अमरावतीच्या मतदारांनो, मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: या कायद्यासाठी तुम्ही काय केलं?