पाचवे कारण

मुंबईत १९४७ साली विलीज जीपगाड्यांची जुळणी महिंद्र कंपनीने सुरू केली, आणि पुढे आलापल्ली, अहेरी, सिरोंच्याच्या ज्या अरण्यमुलखात सडका कच्च्या व नदीनाले पुलावाचून होते, तेथील सरकारी कामकाजाची मोठी भिस्त या वाहनावर राहिली. हा मुलूख ज्यात येतो तो गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, तरी तेथे त्या जुन्या पेट्रोल जीपगाड्यांपैकी एखादी अजून दिसते. आणि पौषातल्या पहाटे ती चालू करणाऱ्या चालकाकडे पाहताना, गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, त्यांचा अर्थ मला पोथीहून अधिक स्पष्ट होतो.

थंडीत पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, म्हणून चोक ओढून कार्बुरेटरची हवा रोखावी लागते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली असेल, तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर जेटचे सूक्ष्म छिद्र बुजवतो. इग्निशनच्या पॉइंटांतील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर राखावे लागते. आणि हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून ते खालून वर ओढावे लागते, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगटच जायबंदी व्हायचे. इतके यथासांग करूनही इंजिन कधी लागते, कधी लागत नाही.

येथे बुद्धिवादी विचारतो की, कारण अज्ञात आहे तोवरच त्याला दैव म्हणायचे ना? हा आक्षेप मी आदराने ऐकतो, परंतु मला तो अपुरा वाटतो. वैशाखात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा पंप आणि कार्बुरेटर यांच्यामधल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रानात बंद पडते. कारण पूर्णपणे ज्ञात आहे. चालकही ते जाणतो, पंपावर ओले फडके घालतो आणि सावलीत बसून राहतो. परंतु इंजिन निवायचे ते आपल्याच वेळेने. ज्ञानाने अज्ञान हटले, अखत्यार मात्र वाढला नाही. आणि जे आपल्या अखत्यारात नाही त्यालाच मी दैव समजतो, मग ते ज्ञात असो वा अज्ञात. म्हणूनच केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्यास गीता त्याच ठिकाणी दुर्मती म्हणते. निष्णात मिस्त्रीनेही हे ध्यानी धरावे.

तथापि दैव पाचवे आहे, पहिले नव्हे, आणि या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. खंडेनवमीला जीप धुऊन, ग्रीस भरून, मग झेंडूचा हार घालणारा चालक मला खरा धार्मिक वाटतो. एटापल्लीहून अडलेल्या बाळंतिणीला रात्री गडचिरोलीच्या रुग्णालयात न्यायचे आहे आणि गाडी चालू होत नाही, असा प्रसंग आला, तर आदल्या संध्याकाळी जेट फुंकून साफ करण्याची तसदी ज्याने घेतली नाही, त्याला दैवाचे नाव घेण्याचा अधिकार कोणतेही शास्त्र देत नाही. तेथे घडते ते पाप आहे, आणि ते त्याच्याच खात्यावर लिहिले पाहिजे.