शालू येतो, अंबाबाई इथंच राहते



आजचं वाचन : भागवत, दशम स्कंध, अध्याय 89. भृगू ऋषींची कथा तुम्हाला ठाऊक आहे. तिन्ही देवांत मोठा कोण हे बघायला ते निघाले. ब्रह्मदेव रागावले, महादेव रागावले. मग वैकुंठात लक्ष्मीच्या मांडीवर डोकं ठेवून पहुडलेल्या विष्णूच्या छातीवर त्यांनी लाथ मारली. विष्णू उठले, नमस्कार केला, वर तुमच्या कोमल पायांना त्रास तर झाला नाही ना, अशी विचारपूस केली. केवढी ती क्षमा! बहुतेक कीर्तनांत कथा इथंच संपते.

या वेळी वाचताना माझं लक्ष मात्र लक्ष्मीकडे गेलं. अख्ख्या प्रसंगात ती एक शब्द बोलत नाही. उलट भगवंतच ऋषींना सांगतात की तुमच्या पायाने माझी छाती पावन झाली, आता लक्ष्मी इथं कायमची राहील. तिला विचारलं कुणी?

वेंकटाचलाच्या माहात्म्यात आणि आपल्या कोल्हापुरात सांगतात त्या कथेत मात्र ती बोलते. लाथ तुमच्या छातीवर बसली खरी, पण ते माझं राहायचं ठिकाण होतं, आणि तुम्ही मारणाऱ्याचेच पाय चेपत बसलात! एवढं बोलून ती वैकुंठ सोडते आणि करवीरला येते. (अंबाबाई विष्णुपत्नी की आदिशक्ती, हा वाद आमच्या मंगळवार पेठेत चहाच्या गाडीवरसुद्धा पेटतो. मूर्तीमागे सिंह आहे, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा मलाही वजनदार वाटतो. आज कथेपुरतं बोलू.)

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या गल्लीतला एक मुलगा. वय चोवीस, पुण्यात नोकरी. तीन वर्षांचं नातं तुटून चार महिने झालेत. "ताई, अकरा शुक्रवार केले तर ती परत येईल का? सांगा की." झालं होतं असं : तो तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा याच्या काकांनी तिच्या जातीवरून एक वाक्य टाकलं. सगळ्यांसमोर. हा हसला, विषय बदलला आणि काकांना चहा नेऊन दिला. "मी भांडलोच नाही ओ. मोठ्या माणसाला काय बोलायचं? मी शांत राहिलो."

शांत राहिला, खरंय. पण अपमान तिचा होता, आणि माफ करून मोकळा झाला हा! आपल्याला लागलेली लाथ आपण विसरावी, ती आपली थोरवी. दुसऱ्याला लागलेली आपण विसरायची, याला क्षमा म्हणता येत नाही. मी त्याला हे असंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "पण अंबाबाई स्वतः जातेच की त्र्यंबोलीला भेटायला! मीपण तिच्या हॉस्टेलवर जातो."

मुद्दा बिनतोड वाटतो ना? ललिता पंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते ती त्या रुसलेल्या सखीसाठीच. कोल्हासुराच्या वधानंतरच्या आनंदात जिचा मान राहून गेला, ती शहराकडे पाठ करून बसली. पण कथा पुढं ऐका. त्र्यंबोलीने आपल्याला काय हवंय ते सांगितलं : तो वध मला करून दाखव. म्हणून तर दरवर्षी तिथं कोहळा फोडतात. रुसलेल्या माणसाने मागितलं ते अंबाबाईने दिलं; स्वतःच्या मनाला वाटेल ते नव्हे. "तुझ्या मैत्रिणीने काय मागितलंय?" असं विचारल्यावर त्याने मोबाईल पुढं केला. शेवटचा मेसेज तिचा होता : आता पुन्हा मेसेज करू नकोस, प्लीज. त्याखाली याचे सतरा.

मग हॉस्टेलच्या दारात जाऊन उभं राहणं हे भक्तीच्या कुठल्या प्रकारात बसतं? मला तरी सापडलेलं नाही.

विष्णूंचं पुढं काय झालं? तिला शोधत ते भूलोकी आले, वेंकटाद्रीवर राहिले, पद्मावतीशी लग्न झालं, त्यासाठी कुबेराचं कर्जही काढलं. लक्ष्मी इथंच राहिली. तरी नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला मानाचा शालू येतो. आमच्या घरापासून मिरजकर तिकटी, बिनखांबी गणपती करत देवळात जाताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, शालू आला का? शालूबरोबर परत चल असा निरोप येत नाही. मान तेवढा येतो. मला तर वाटतं, कथेतली सगळ्यात प्रेमाची गोष्ट हीच आहे.

शुक्रवार कर, म्हटलं मी त्याला, उपासाने तुझंच मन ठिकाणावर येईल. पण संकल्पात तिचं नाव घालू नकोस. आणि काकांशी बोललास का?

"अजून नाही."

"दिवाळीला येणारेत ना ते?"

"हो. आणि ताई, मी बोललो तरी तिला कळणार कसं?"

नाही कळणार. तरीही बोल, म्हटलं.

उद्या अध्याय 90, दशम स्कंधाचा शेवटचा. ग्रंथ जवळ घेऊन बसा.

उदं गं अंबे उदं!