भाऊबीजेला जायचं, पण कसं?

भाऊबीजेला आईकडे जायचं की नाही, एवढाच खरं तर प्रश्न होता. पण विचारणारी भाची पावसाळ्यापासून नैराश्यावर उपचार घेत होती आणि जिला विचारलं ती मावशी महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. त्यामुळे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, कोथरूडच्या एका स्वयंपाकघरात अनारसे तळता तळता निघालेला विषय हो-नाहीवर मिटला नाही.

"गेले तर दिवसभर हसायला लागेल आणि ते खोटं असेल," भाची म्हणाली. "नाही गेले तर आईचा सण जाईल. खोटं वागू की तिला दुखवू, ते सांग."

मावशीनं खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडला आणि झाऱ्यानं त्यावर हलकेच तूप उडवत राहिली. "दोन्हीकडे तू धरूनच चाललीयेस, की आनंद दिसलाच पाहिजे. ही अट घातली कुणी?"

"सगळ्यांनी. आकाशकंदील लागला की ती घातलेलीच असते."

मावशीच्या बोलण्यामागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस होता. त्याचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला. इच्छा अपुरी राहिली तर माणूस नाराज होतो, पण इच्छेची सक्ती झाली की तो खचतो, असं एलिसचं म्हणणं. दिवाळीत बरं वाटलं तर हवंच आहे, ही इच्छा झाली. वाटलंच पाहिजे म्हटलं की आधीच्या उदासीवर अपराधीपणाचा दुसरा थर चढतो. भाचीला हे पटलं, पण पुरलं नाही. "अट नुसती माझ्या डोक्यात असती तर मी तिच्याशी भांडले असते," ती म्हणाली. "ती दारात उभी असते. मी चप्पल काढते तेवढ्यात आई माझा चेहरा वाचते." तिचं बरोबर होतं. सण एकट्याच्या मनात होत नाही. तो दहाजणांच्या डोळ्यांसमोर होतो.

मग तिनं जे विचारलं, तो या सगळ्या बोलण्यातला सर्वांत अवघड प्रश्न.

"आजोबा गेले त्या वर्षी आपल्याकडे तळण नव्हतं, कंदील नव्हता. शेजारच्यांनी फराळाचे डबे आणून दिले. आईला कुणी म्हणालं नाही, की सण आहे, चेहरा हसरा ठेव. मला तेवढी सवलत का नाही? कुणी गेलेलं नाही म्हणून?"

मावशीनं गॅस बारीक केला.

आपल्या रिवाजांनी शोकाला सणात जागा करून दिली आहे. त्याला वर्षाची मुदत दिली, काय करायचं आणि काय नाही ते ठरवून दिलं. मुख्य म्हणजे शोक करणाऱ्याला कारण सांगत बसावं लागत नाही. नैराश्याला यातलं काहीच मिळालेलं नाही. त्याला बोट दाखवावं असं कारण नसतं आणि ते कधी संपेल याची तारीखही नसते. म्हणून आजारी माणसालाच दर खेपेला स्वतःची बाजू मांडावी लागते, तीही अंगात बोलायचं त्राण नसताना. अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्यानं गाठल्याचं दिसलं. निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचले नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपली घरं वेगळी असतील असं मानायला काही आधार नाही.

"सवलत मिळायलाच हवी," मावशी म्हणाली. "पण कसली, ते बघ. त्या वर्षी सण नव्हता, तरी माणसं येत होती ना? रोज कुणी ना कुणी आईजवळ बसून जायचं. तू मागतेयस ती सुट्टी दार लावून घ्यायची आहे."

यावर भाची गप्प झाली. मग दार लावून घेतल्यावर काय होतं, ते मावशीनं सांगितलं. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात हेच चक्र मांडलं होतं. खचलेला माणूस माणसांतून आणि कामांतून अंग काढून घेतो. त्यामुळे बरं वाटण्याचे छोटे प्रसंगही बंद होतात आणि तो आणखी खचतो. म्हणून मन तयार होण्याची वाट न पाहता झेपेल तेवढी एखादी कृती आधी करायची. १९९६ साली नील जेकबसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पडताळून पाहिलं, तेव्हा उपचारातला एवढा भागसुद्धा विचार बदलणाऱ्या संपूर्ण उपचाराइतका उपयोगी पडला.

"म्हणजे फिरून तेच. मनात नसताना करायचं. मग खोटं आणि हे, फरक काय?"

"हसून दाखवणं खोटं. करंज्यांचं सारण भरणं कसं खोटं होईल? कामाला चेहरा लागत नाही."

तेवढ्यात कढईतला अनारसा हसला. मावशीनं त्याचा चुरा झाऱ्यानं गोळा करून बशीत काढला, पिठाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि 'कासव'ची आठवण काढली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी खचलेल्या एका अनोळखी तरुणाला कोकणातल्या घरी ठेवून घेते आणि त्याच्याकडे कसलाही खुलासा मागत नाही.

"जानकी परकी होती म्हणून तिला ते जमलं," भाची लगेच म्हणाली. "आईला मी बरी दिसायला हवी असते. माया आहे म्हणूनच."

हे मावशीला खोडता आलं नाही, आणि खोडू नये असंच आहे. घरच्यांच्या मायेला पावती हवी असते. आजाऱ्याला नेमकी तीच देता येत नाही. यावर कुठलाही मानसोपचार पूर्ण उतारा देईल असं वाटत नाही. फार तर व्यवस्था लावता येते.

मावशीची व्यवस्था पक्क्या परिचारिकेची होती. नरकचतुर्दशीची पहाटेची आंघोळ चुकली तर चुकू दे. रात्री जागायचं आणि चारला उठायचं, हे आधीच बिघडलेल्या झोपेला परवडणार नाही. भाऊबीजेला दोन तास जायचं, वाढायला उभं राहायचं, ओवाळायचं आणि परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवायची. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. नैराश्यावरच्या औषधाचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. दसऱ्याला कुणी ती सुरू केली असेल तर दिवाळीत कुठे थोडं हलकं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, आता बरी आहेस, सणात कशाला गोळ्या?

"आणि भाऊबीजेनंतरचे दिवस मला दे," मावशी म्हणाली. सणासुदीत आत्महत्या वाढतात हा अमेरिकेतला समज तिथल्याच आकडेवारीनं खोटा ठरवला आहे. डिसेंबरमध्ये हे प्रमाण बहुधा कमीच असतं. पण हॉवर्ड गेबेनेश या समाजशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. सण किंवा नवी सुरुवात काहीतरी बदलेल अशी आशा लावते आणि ती फोल ठरली की धोका वाढतो. पाहुणे गेल्यावर, डबे रिकामे झाल्यावर फोन कमी होतात. मावशीनं तुळशीच्या लग्नापर्यंत रोज संध्याकाळी सोबत फिरायला जायचं कबूल करून घेतलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही भाचीच्या मोबाइलमध्ये घालायला लावला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा दिवसरात्र असते आणि मराठीतही बोलता येतं.

"आईला काय सांगू?"

"खरं ते. दोन तास येईन, हसले नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, म्हणावं. पण आज फोनवर सांग. ओवाळणीच्या ताटापाशी नको."

"ती रडेल."

"भाऊबीजेपर्यंत रडायला वेळ मिळेल, म्हणून तर आज."