काडतुसातली रिकामी जागा

दिवाळीत मुले टिकल्यांचे पिस्तूल उडवतात. एका टिकलीत दारू किती असावी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. कारखान्याने तो त्यांच्यासाठी आधीच सोडवून ठेवलेला असतो. माझा एक भाचा मात्र गेली सहा वर्षे रात्रीची जेवणे झाल्यावर हाच प्रश्न सोडवीत बसतो. तो अमेरिकेत स्थायिक झाला आहे, चांगल्या नोकरीवर आहे. "काल अकरा वाजेपर्यंत दारू भरत होतो," असे त्याने पहिल्यांदा फोनवर सांगितले, तेव्हा माझी बहीण दोन दिवस धड जेवली नव्हती. ही दारू बंदुकीची, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या लवकर पडायला नको होता असे मला वाटते. पण ते पुढे.

त्याच्या खेळाचे नाव 'काउबॉय ॲक्शन शूटिंग'. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गुराख्याचा पोशाख करायचा, रुंद काठाची टोपी चढवायची, एक टोपणनाव घ्यायचे (ते संस्थेच्या दप्तरी नोंदवावे लागते आणि एकाचे दुसऱ्याला मिळत नाही), आणि दोन पिस्तुले, एक रायफल व एक छऱ्यांची बंदूक घेऊन ठरलेल्या क्रमाने पोलादी पाट्यांवर बार काढायचे. शस्त्रे त्या काळची किंवा त्या काळच्या घडणीची हवीत. पिस्तुलाचा घोडा प्रत्येक बाराला हाताने मागे ओढावा लागतो. घड्याळ लावलेले असते आणि एक नेम चुकला की पाच सेकंद वाढतात. १९८७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी'ने याचे नियम बांधले. पाट्या मोठ्या आणि अगदी जवळ असतात, त्यामुळे खेळणाऱ्याचा खरा शत्रू घाई हाच असतो.

सहा फेऱ्यांचा सामना म्हटला तरी पिस्तुलाची साठ आणि रायफलीची साठ काडतुसे लागतात. ती विकत घ्यायची तर खिसा फाटतो. म्हणून पुष्कळ जण उडवलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरी आणतात, साफ करतात, बुडाशी नवी टोपी बसवतात, मोजून दारू घालतात आणि तोंडाशी नवी गोळी दाबतात. गोळी कशी असावी हे भाच्याने मला तीन फोन खर्च करून समजावले. ती शिशाचीच हवी. तांब्याचे कवच असले तर पोलादावर आपटून त्याचे तुकडे माणसांच्या अंगावर येतात. तिचे नाक चपटे हवे, कारण रायफलीच्या लांब नळकांड्यात काडतुसे एकामागे एक निजलेली असतात आणि मागच्याचे नाक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते. टोकदार नाकाने धक्क्यासरशी भलतेच घडायचे. आणि शिसे कठीण हवे की मऊ? मला वाटले, जितके कठीण तितके चांगले. ते खोटे निघाले. थोड्या दारूने उडणारी गोळी मऊच हवी. दाबाने तिचे बूड किंचित फुगते आणि ती नळीत घट्ट बसते. फार कठीण गोळी ताठ राहते. तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो आणि नळीला शिशाचा थर चढतो. हे ऐकताना मला माझ्या वर्गातली दोन-चार मुले आठवली. असो.

खरी गोष्ट दारूची आहे. '.४५ कोल्ट' हे काडतूस १८७३ सालचे. त्या वेळी त्यात चाळीस ग्रेन काळी दारू भरत. दोन ग्रेन म्हणजे ढोबळमानाने सोनाराची एक गुंज, म्हणजे वीसेक गुंजा. काळी दारू ही तीच आपली जुनी: सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा, गंधक दहा. ती पुंगळीत भरपूर घालायची आणि गोळीने वरून किंचित दाबायची. मध्ये हवेला जागा ठेवायची नाही, हा तिचा नियम. पुढे १८८४ साली पॉल व्येय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू केली. तिचा जोर जुन्या दारूच्या कितीतरी पट. आज त्याच काडतुसात या खेळापुरती दहा ग्रेनसुद्धा लागत नाहीत. पुंगळी मात्र १८७३ एवढीच राहिली. आत तळाशी चिमूटभर दारू आणि वर सगळी पोकळी.

ही पोकळी मोठी वाईट. लक्ष चुकून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती आत मावते. वर गोळी नीट बसते आणि काडतूस शेजारच्या काडतुसासारखेच दिसते. उडवताना पिस्तूल फुटते, कधी बोटे जातात, कधी शेजारी उभ्या असलेल्याचा डोळा. काळ्या दारूत ही चूक करू म्हटले तरी होत नाही. दुसरे माप भसकन टेबलावर सांडते. आमच्या घरात गुळाच्या आमटीला हात थोडा सैल सुटला तर कोणी काही बोलत नाही, पण हिंगाची डबी धाकट्या सुनेच्या हाती लवकर देत नाहीत. काळी दारू हा गूळ होता. जोर वाढला, माप लहान झाले, आणि जी मर्यादा पूर्वी पितळेत होती ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येऊन बसली. माणसाचे डोळे रात्री अकराला कसे असतात, ते वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

मर्यादा वस्तूत असावी की माणसात? आपल्याकडच्या उपदेशाचा कल माणसाकडे आहे. मला तितकेसे पटत नाही. 'ट्रेल बॉस' नावाची एक दारू मुद्दाम या खेळासाठी निघाली होती. तिचे कण मधे भोक असलेल्या बारीक चकत्यांसारखे, फुललेले. थोडक्या वजनात पुंगळी भरून जाई आणि दुसरे माप आत जायला जागाच उरत नसे. भाच्याला तिचा शेवटचा डबा मिळून काही वर्षे झाली. ती करणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो. माणसाने सदैव जागे राहावे असे सांगणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या जागरणाविषयी बोलत असतात. याने निजलेल्या माणसाचा विचार केला.

पण सगळ्याच पोकळ्या अशा भरता येत नाहीत. या खेळाच्या नियमांतही एक आहे, आणि तिच्यावरून भाच्याच्या क्लबात मने दुखावली आहेत. नियम असा: गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार, उत्तर साठाच्या खाली नको आणि वेग चारशेच्या खाली नको. वरची हद्द पिस्तुलाला हजार फुटांची, रायफलीला चौदाशेची. आता मूळचे काडतूस याच हिशेबाने मोजा. अडीचशे ग्रेनची गोळी, सुमारे नऊशे फूट वेग, उत्तर सव्वादोनशे. म्हणजे नियमाची खालची हद्द अस्सलाच्या जेमतेम पावपट. १०५ ग्रेनची हलकी गोळी सहाशे फुटांनी सोडली की त्रेसष्ट भरतात. हाताला धक्का नाही, पिस्तूल उसळत नाही, पुढचा बार लगेच. असल्या काडतुसांना तिकडे चेष्टेने एक नाव आहे. त्यात उंदीर येतो आणि पुढचा शब्द दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही.

भाचा त्रेसष्टवाला. त्याच क्लबात सत्तरीचे एक गृहस्थ आहेत, ते अजून काळी दारू भरतात. पहिल्या दोन बारांत पांढऱ्या धुराचा असा ढग उठतो की तिसरी पाटी त्यांना दिसत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर, पूजेची भांडी घासावीत तशी, त्यांना पिस्तुले गरम पाण्याने धुवावी लागतात. त्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते. त्यांचा क्रमांक नेहमी खालून मोजावा लागतो. एकदा ते भाच्याला म्हणाले, "तू घड्याळाशी खेळतोस. मी १८७३ शी खेळतो." भाच्याला ते लागले. त्याने मला विचारले, "मामा, मी फसवतो आहे का? सगळे नियमात बसते."

मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझे मन तत्काळ म्हाताऱ्याच्या बाजूने गेले. मग त्या काळाविषयी थोडे वाचले, आणि तितकी खात्री राहिली नाही. काउबॉय म्हटले की ज्या चकमकीचे नाव निघते ती टूम्बस्टोन गावातली, २६ ऑक्टोबर १८८१ ची. अर्ध्या मिनिटात तीसेक बार झाले आणि तीन माणसे मेली. ती पेटली कशावरून? गावात शस्त्र बाळगू नये असा गावचाच कायदा होता, तो अमलात आणण्यावरून. बाकीचे गुराखी महिन्याला तीस-चाळीस डॉलरांवर धुळीतून गुरे हाकीत. इतिहासकारांच्या अंदाजाने त्यांतला चौघांतला एक काळा होता, आणि मेक्सिकनही पुष्कळ होते. हे काडतूस १८७३ सालीच अमेरिकन सैन्याने घेतले आणि मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढायांत ते वापरले गेले. चाळीस ग्रेनचे काम पाटी वाजवण्याचे नव्हते. म्हणजे म्हाताऱ्याची पुंगळी भरलेली आहे, पण त्याच्या गोष्टीत रिकामी जागा आहेच, आणि ती सिनेमाने भरली आहे. माझ्या कादंबऱ्यांतल्या अशा जागा मी कशाने भरल्या, हे मला ठाऊक आहे. एका किल्लेदाराच्या तोंडी मी जे दीड पानाचे भाषण घातले, त्याला कागदपत्रांत अर्ध्या ओळीचा आधार आहे. ते पान सगळ्यांना आवडते. मी ते कधी दुरुस्त केले नाही.

तेव्हा कमी दारू हे पाप नव्हे. दुबळ्या मनगटाच्या माणसाला, बायकांना, मुलांना हलक्या काडतुसानेच हा खेळ खेळता येतो, आणि मारण्याची वस्तू खेळण्याची झाली यात मला गैर काही दिसत नाही. भाच्याचे मनगट मात्र दुबळे नाही. त्याने साठाच्या रेषेला नाक लावून त्रेसष्ट मोजले, ते केवळ त्या रेषेपर्यंत कोणी अडवणार नाही म्हणून. मी त्याला म्हटले, "त्या गृहस्थांनी तुझे एक काडतूस उघडून पाहिले, तर तुला काही समजावून सांगावे लागू नये, एवढी दारू घाल." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तसेही फार कमी दारूत पुंगळी नीट फुगत नाही, मामा, काजळी उलटी तोंडावर येते." आणखी कमी झाली तर गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली की नळी फाटते, हेही त्यानेच सांगितले. हल्ली तो जड गोळी वापरतो आणि नव्वदीच्या आसपास भरतो. मागच्या सामन्यात दोन क्रमांक खाली आला.

आता बहिणीचा जीव भांड्यात पडायला नको होता, ते का. आमची सकाळ ती त्यांची रात्र. गेल्या वर्षी दिवाळीच्या सकाळी भाचा टेबलाशी बसला होता. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या होत्या. एकेकीत दारू घालायची, मग पन्नासांत विजेरीने डोकावून सगळीकडे सारखी पातळी आहे ना ते पाहायचे, आणि नंतरच गोळ्या बसवायच्या, ही त्याची पद्धत. तेवीस-चोवीसपर्यंत आला आणि फोन वाजला. तासभर बोलणे झाले, फराळापासून कादंबरीपर्यंत. फोन ठेवून त्याने पुढच्या पुंगळ्या भरल्या आणि गोळ्या बसवून टाकल्या. निजायला गेल्यावर त्याला आठवेना की विजेरी हातात घेतली होती की नाही.

पन्नासांतले एखादे दुप्पट भरलेले असेल, किंवा एकही नसेल. वजन करून हे कळत नाही. पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच इतका फरक असतो की चार ग्रेन त्यात बुडून जातात. दुसऱ्या दिवशी सामना होता आणि भरलेली तेवढीच होती. बायको म्हणाली, सहा वर्षांत कधी चूक झालेली नाही. तो उठला आणि पहाटेपर्यंत पन्नासही काडतुसे फोडून गोळ्या मोकळ्या केल्या. सामन्याला गेला नाही. "सापडले का एखादे?" असे मी विचारले. त्याने सांगितले नाही. "ते विचारू नका, मामा. सापडले असते तर शहाणपणा ठरला असता, नसते तर वेडेपणा. फोडताना मला यातले काहीच ठाऊक नव्हते."

फोन माझा होता. बहिणीला मी हे अजून सांगितलेले नाही. या अंकातून कळेल.

आता सणाच्या सकाळी मी फोन लावतो तेव्हा आधी विचारतो, "टेबलावर काही आहे का?" कधी नाही म्हणतो. कधी म्हणतो, "थांबा, बत्तीस झाल्यात." मग तो फोन बाजूला ठेवतो. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि नंतर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मी धरून बसतो.