तपासणी झाली, उपचार राहिले

मीरा-भाईंदरमध्ये कामाठीपुरा नाही. बोट दाखवून ‘हीच ती वस्ती’ म्हणावं अशी गल्ली या शहरात सापडत नाही. काशिमीऱ्याजवळच्या महामार्गालगतची लॉज, ऑर्केस्ट्रा बार, भाड्याची वन रूम किचन आणि हातातला मोबाइल, एवढ्यात इथला धंदा विखुरलेला आहे. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांच्या वर गेलेल्या या शहरात देहविक्रय करणारी बाई आपल्याच मजल्यावर राहत असते आणि शेजाऱ्यांना ती पार्लरमध्ये किंवा केटरिंगच्या कामाला जाते एवढंच ठाऊक असतं. तिच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं, ओटीपोट दुखू लागलं, ताप उतरेना, तर ती काय करते? बहुतेक वेळा अंगावर काढते. अगदीच सोसेना झालं की मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेते.

ही पांगापांग आपोआप झालेली नाही. मीरा रोड हा एकेकाळी डान्सबारचा पट्टा होता. सोनिया फलेरो यांचं ‘ब्युटिफुल थिंग’ हे २०१० चं पुस्तक इथल्याच बारमध्ये नाचणाऱ्या एका मुलीभोवती फिरतं. २००५ साली राज्य सरकारने बारमधल्या नाचावर बंदी घातली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि तसं करताना पंचाहत्तर हजारांहून अधिक बायकांचा रोजगार गेल्याचा, त्यांतल्या अनेकींना जगण्यासाठी देहविक्रयाकडे वळावं लागल्याचा स्पष्ट उल्लेख केला. बायकांच्या अब्रूच्या नावाने केलेल्या कायद्याचं हे फळ. बार होता तेव्हा मेकअपच्या खोलीत चार बायका एकत्र बसत. कोणता डॉक्टर नीट बोलतो, कोणता नको ते विचारतो, हे एकमेकींना सांगत. फोनवर चालणाऱ्या धंद्यात बाई एकटी असते.

वेश्यावस्तीतलं आरोग्याचं काम आपल्याकडे ज्या पद्धतीने उभं राहिलं, ते सगळं वस्तीच्या जोरावर. १९९२ साली कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी आणि त्याच सुमारास सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ने काम सुरू केलं. सांगलीतूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. घरोघरी निरोध पोहोचवणाऱ्या, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकवणाऱ्या, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणाऱ्या या स्वतः धंदा करणाऱ्या बायकाच होत्या. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतल्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक बायकांना एचआयव्हीची लागण आढळत होती. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत या व्यवसायातल्या स्त्रियांमधलं प्रमाण देशभरात सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होतं. दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत, तरी मधल्या काळात काय घडलं ते त्यांतून दिसतं. देशाच्या आरोग्याच्या इतिहासात या बायकांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, ते कुणी लिहिलं नाही. पण ही सगळी साखळी कुणीतरी गल्लीत चालत जाण्यावर अवलंबून आहे. लॉजच्या बंद खोलीत आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती पोहोचत नाही.

आणि जिथे पोहोचते तिथेही ती काय शोधते, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे. इंग्रजांनी १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा केला तो गोऱ्या सैनिकांना वाचवण्यासाठी. बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोगी ठरल्यास लॉक हॉस्पिटलात कोंडणं, असं वीस वर्षं चाललं. १८८८ मध्ये तो कायदा गेला. दृष्टी मात्र तीच राहिली. ज्याला आपण पिटा म्हणतो त्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम १५(५ अ) पाहा. धाडीत ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे उभ्या केलेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी करावी, ती वय ठरवण्यासाठी, अत्याचाराच्या खुणा शोधण्यासाठी किंवा लैंगिक आजार आहे का हे पाहण्यासाठी, असं ते सांगतं. आजार सापडला तर औषध कोण देणार, याबद्दल त्या कलमात शब्द नाही. तिच्या संमतीबद्दलही नाही. एकदा पुरावा म्हणून आणि एकदा रोगाचं मूळ म्हणून शासनाने तिच्या शरीराला हात लावला. रुग्ण म्हणून तिचा विचार कधी झाला?

कारण ती एरवी साधीच रुग्ण आहे. तिला शुगर होते, ब्लड प्रेशर होतं, दाढ दुखते, टीबी होतो, लघवीला जळजळ होते. रात्रीच्या जागरणाने आणि दारूने शरीर खंगतं, मन त्याहून जास्त. दिवस गेले तर गर्भपातासाठी तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली जाते. कायद्यात अशा सहीला जागाच नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते आणि डॉक्टरांनी जादा अटी लादू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा बजावलं आहे. पण ज्या बाईला आपलं नाव सांगायचीच भीती वाटते, ती काउंटरवर न्यायालयाचा निकाल कसा सांगणार?

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, लोकांच्या तोंडचं टेंभा, राज्य सरकारकडेच आहे. म्हणजे कागदावर पैशाचा प्रश्न सुटला. प्रत्यक्षात ओपीडी सकाळची, आणि ती पहाटे घरी आलेली. रांगेत अख्खा दिवस गेला तर त्या रात्रीची कमाईही जाते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले योजना आहे, पण तिला रेशनकार्ड नाहीतर अधिवासाचा दाखला लागतो. भाडेकराराशिवाय राहणाऱ्या, बंगालमधून किंवा उत्तरेतून आलेल्या बाईने तो आणायचा कुठून? मग ती खासगीत जाते, रोख मोजते, आणि कर्ज काढून त्याच लॉजवर परत जाते.

काहींचं म्हणणं, उपचार सोपे केले तर धंद्याला मान्यता दिल्यासारखं होईल. हे मला मुळीच पटत नाही. फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलीचं उदाहरण घ्या. तिला बाहेरच्या कुणाशी एकटीने बोलायला मिळेल अशी जागा बहुधा डॉक्टरची खोलीच असते. तिथे हेटाळणी होणार, लगेच पोलीस येणार, अशी धास्ती असली तर तिला आणणारेच तिथे फिरकू देणार नाहीत. स्वतंत्र दवाखान्यांची मागणीही होते. त्यांनी पुष्कळ काम केलं आहे, आणि अनेकींना तिथेच मोकळं वाटतं हे खरं. तरीही मीरा-भाईंदरसारख्या शहरात वेगळी पाटी म्हणजे ओळख उघडी पडणं. इथे नेहमीचाच दवाखाना बदलायला हवा.

१९ मे २०२२ रोजी बुद्धदेव करमास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त हक्क असल्याचं सांगितलं. अत्याचार झाल्यास तात्काळ वैद्यकीय मदत, आणि राहण्याच्या पुराव्याविना, ओळख गुप्त ठेवून आधार कार्ड, असे आदेश दिले. ते राबवायला नवा कायदा लागत नाही. महापालिकेने आपल्या काही दवाखान्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी ओपीडी चालवावी, केसपेपरवर पत्ता आणि नवऱ्याचं नाव सक्तीचं ठेवू नये, आणि बंगाली-हिंदी बोलणारी, या व्यवसायातून आलेली एक बाई तिथे पगारावर नेमावी.

एक काम वाचकांनाही करता येईल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार वीस किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पुढच्या वेळी आपल्या रुग्णालयात जाल तेव्हा त्या अधिकाऱ्याचं नाव विचारा. तिला ते विचारता येत नाही, तुम्हाला येतं.