शिपायाचें वय आणि मद्याचा पेला

ज्या तरुणास देशासाठीं प्राण देण्याचा अधिकार आहे, त्यास मद्याचा एक पेला घेण्याचा अधिकार असूं नये, हें न्यायास धरून आहे काय? अमेरिकेंत हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तेथें आईबापांच्या संमतीनें १७ व्या व स्वतःच्या इच्छेनें १८ व्या वर्षीं सैन्यांत शिरतां येतें. १९७१ सालीं घटनादुरुस्तीनें मताचा अधिकारही १८ व्या वर्षीं मिळाला. त्याच सुमारास अनेक राज्यांनीं मद्याची वयोमर्यादा खालीं आणली. परंतु रस्त्यांवरील अपघातांत तरुण माणसें मरूं लागलीं. तेव्हां, जें राज्य २१ वर्षांची मर्यादा मानणार नाहीं त्याच्या रस्त्यांच्या अनुदानाचा कांहीं भाग रोखावा, असें १९८४ च्या कायद्यानें ठरविलें व १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वैध मानलें.

लष्करी छावण्यांनाही सामान्यतः भोंवतालच्या राज्याचीच मर्यादा लागू होते. मात्र तोच शिपाई समुद्रापलीकडे गेला, म्हणजे नियम बदलतो. परदेशांतील अमेरिकन छावण्यांत मूळ मर्यादा १८ वर्षांची असून, यजमान देशाशीं झालेले करार व स्थानिक परिस्थिति पाहून ती वाढवितां येते. जर्मनींत बिअर १६ व्या वर्षीं विकत मिळते. जपानांत २० वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. म्हणजे १९ वर्षांचा एकच तरुण जर्मनींत पात्र, जपानांत अपात्र व मायदेशीं परततांच पुन्हां अपात्र! त्याची बुद्धि, त्याचें शरीर, त्याचा संयम तीं तींच.

येथवर पाहतां शिपायाची तक्रार रास्त भासते. तथापि तिच्यांतील अनुमान आम्हांस मान्य नाहीं. शिपाई बंदूक उचलतो ती वरिष्ठाच्या आज्ञेनें व शिस्तीच्या पहाऱ्यांत. पेला उचलतांना त्यास आज्ञा करणारा केवळ तोच असतो. पहिल्या कामास लागणारें धैर्य हा दुसऱ्यास लागणाऱ्या संयमाचा पुरावा नव्हे. २०२२ सालीं सज्ञानतेचें वय १८ वर आणूनही जपाननें मद्यासाठीं २० चीच मर्यादा राखिली, ती अविचारानें नव्हे. शिवाय प्राणांच्या मोबदल्यांत पेला मागणें म्हणजे त्यागाचें मोल फारच हलकें करणें होय.

मग सरकार निर्दोष ठरतें काय? तसेंही नाहीं. ज्या कायद्याचें मूळ मोटारींच्या अपघातांत आहे, त्यास तरुणाच्या परिपक्वतेवरील निवाड्याचें रूप दिलें, कीं तो सरहद्द ओलांडतांच खोटा पडतो. मुलास घरापासून हजारों मैल दूर धाडावयाचें, त्याच्या वांट्यास एकाकीपणा द्यावयाचा, आणि संयमाचें शिक्षण मात्र एका आंकड्यावर सोंपवावयाचें, हें कोणत्याही सरकारास शोभणारें नाहीं. बंदूक हातीं देण्यापूर्वीं ती केव्हां खालीं ठेवावी हें शिकविणाऱ्यानें पेल्याविषयींही तितकीच काळजी घेतली पाहिजे.

आंकडा १८ असो वा २१; ती सोयीसाठीं आंखलेली रेघ आहे, हें मोकळेपणानें सांगावें. नियमाचें कारण पटलें तर तरुण तो परदेशींही पाळील. नुसता नियमच दाखविला, तर सरहद्द केव्हां येते याची तो वाट पाहील.